डबी उलटी करून वाचा



जूनमध्ये शाळा उघडली आणि नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची एक मुलगी रोज मास्क लावून बसू लागली. पहिले दोन दिवस मला वाटले, सर्दी झाली असेल. तिसऱ्या दिवशी धडा वाचायला तिला उभे केले आणि मास्क खाली घ्यायला सांगितले. तिने घेतला नाही. नुसतीच उभी राहिली आणि डोळे भरून आले. मधल्या सुट्टीत तिला बाजूला बोलावले. मास्कखाली चेहरा लालभडक झालेला, गालांवर बारीक पुटकुळ्या, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. "टीचर, उन्हात तर सोडाच, पंख्याखालीसुद्धा आग होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. ती सांगत होती त्यात लपवाछपवी नव्हती, फक्त पश्चात्ताप होता. ईदच्या आधी स्टेशनजवळच्या बाजारातून तिने दीडशे रुपयांची एक क्रीम घेतली होती. "आठ दिवसांत पोरीचा चेहरा काचेसारखा झाला, टीचर. सगळ्यांनी विचारले, काय लावतेस? मग मेमध्ये माझ्या बहिणीच्या मुलीचे लग्न होते म्हणून आणखी दोन डब्या आणल्या. तिसरी संपली, दुकानात माल नव्हता, आणि चार दिवसांत हे असे." मी म्हटले, "आपा, नवी डबी शोधू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे न्या आणि रिकामी डबी बरोबर न्या." डॉक्टरांनी चेहरा पाहताच विचारले, "कोणती क्रीम लावत होतीस?" त्यांनी सांगितले की ही सगळी लक्षणे स्टेरॉइडची आहेत आणि चेहरा पूर्ववत व्हायला काही महिने लागतील.

त्या आपांच्या परवानगीने मी हे लिहीत आहे. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण अशी डबी एकाच दुकानात मिळते असे नाही. नयानगर असो, भाईंदरचा बाजार असो की लोकलचा लेडीज डबा, ती सगळीकडे पोहोचलेली आहे. म्हणून दुकान ओळखण्यापेक्षा डबी ओळखायला शिकू या.

ती रिकामी डबी मी हातात घेऊन पाहिली होती. वर एका गोऱ्या बाईचा फोटो, 'सात दिवसांत उजळ त्वचा' असे शब्द आणि खाली मोती व केशराचे चित्र. उलटी केली तर मागची बाजू जवळजवळ कोरी. आत काय आहे, कोणी बनवले, कुठे बनवले, कशाचाच पत्ता नाही. वर्गात मी मुलांना सांगते की उतारा वाचताना त्यात काय दिले आहे ते पाहा, तसे काय दिलेले नाही तेही पाहा. या डबीवर जे दिलेले नव्हते तेच सगळ्यांत महत्त्वाचे होते.

कायद्याने डबीवर काय हवे

आपल्या देशात २०२० पासून सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी असायला हवी. माल परदेशातून आलेला असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि 'आरसी' या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. परदेशी क्रीमवर हा क्रमांक नसेल तर ती आपल्या देशाच्या तपासणीतून आलेली नाही. कोणाच्या सामानातून आली, कुणी कुठे भरली, ते कळायला मार्ग नसतो. अशी डबी दुकानदाराला परत द्यावी. बाकी काही पाहायची गरजच नाही.

आठ दिवसांत चेहरा उजळतो कसा?

आपल्या कातडीचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून प्रामाणिक घटकाला डाग फिका करायला दोन-तीन महिने लागतात. जी क्रीम हे काम आठवड्यात करते, तिच्यात बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइड हे औषध आहे आणि चांगले औषध आहे. इसब किंवा मोठ्या ॲलर्जीवर डॉक्टर ते थोडे दिवस देतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्याची नावे. चेहऱ्यावर लावले की रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, रंग फिका पडतो. बाईला वाटते, गुण आला. पण रोज लावत राहिले तर कातडी पातळ होते, मुरूम येतात, बारीक लव वाढते, आणि क्रीम सोडली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. मग तोच लालपणा घालवायला पुन्हा तीच क्रीम लावली जाते. हे चक्र व्यसनासारखे असते. काही क्रीममध्ये स्टेरॉइडबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेले असते. डॉक्टर वांगासाठी ते मोजक्या आठवड्यांपुरते लिहून देतात. आपण वर्षभर लावतो. हायड्रोक्विनोन लांबवले तर कधी कधी निळसर-काळे डाग उमटतात आणि ते जाता जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी आपण शेजारणीच्या ट्यूबचा फोटो काढून मेडिकलवाल्याला दाखवतोच.

पाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पाऱ्याचे क्षार त्वचेत रंग बनण्याची क्रियाच अडवतात, म्हणून कातडी उजळ दिसते. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच महाराष्ट्रातली बातमी आली होती. अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा एका स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत पोहोचला, आणि क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एकाच आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा त्रास ओसरला. वेळेवर कळले म्हणून.

आपल्या नियमांत क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाकिस्तानातून येणाऱ्या क्रीमवर आपल्याकडच्या काही बायकांचा फार भरवसा असतो, म्हणून हेही सांगते: तिथल्याच सरकारने काही वर्षांपूर्वी ५९ क्रीम तपासल्या, तेव्हा ५६ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त पारा सापडला.

पाऱ्याची एक खूण लक्षात ठेवा. काही डब्यांवर 'लावताना सोन्या-चांदीचे दागिने काढून ठेवा' अशी सूचना असते. पारा सोन्याला चिकटतो, हे कुठलाही सोनार सांगेल. जी क्रीम बांगडीला लागू नये, ती गालाला कशी चालेल? यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी एखादे नाव दिसले तर तो पाराच. आणि हे विष लावणारीपुरते राहत नाही. तिचा टॉवेल, तिची उशी आणि तिच्या गालाला गाल लावणारे बाळ, सगळ्यांपर्यंत ते जाते.

यादी कशी वाचावी

आता चांगल्या, कायदेशीर डबीकडे वळू. घटकांची नावे इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. मुलांना मोबाइलवर फोटो मोठा करून वाचायला सांगा, त्यांचाही अभ्यास होतो. नियम सोपा आहे: जे जास्त आहे ते आधी, जे कमी आहे ते नंतर. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात.

मी घरात दोन डब्या शेजारी ठेवून पाहिल्या. एक साधे मॉइश्चरायझर, दुसरे त्याच्या सहापट किमतीचे. दोन्हींच्या यादीत पहिले नाव पाणी, दुसरे ग्लिसरीन, मग मेणचट घट्ट पदार्थ, मग तेल. महागाच्या डबीवर पुढे केशर आणि सोन्याचे चित्र होते. मागे यादीत केशर सुगंधाच्याही खाली, अगदी शेवटून तिसरे. सुगंध चिमूटभर असतो, तर त्याच्या आसपासचे केशर किती असेल? आपण पाण्याला, ग्लिसरीनला आणि केशराच्या चित्राला पैसे देतो.

कोणता घटक काय करतो

कोरड्या त्वचेसाठी दोन कामे लागतात. एक, पाणी धरून ठेवणे. ग्लिसरीन, हायल्युरॉनिक ॲसिड आणि युरिया हे काम करतात. हायल्युरॉनिकचे नाव मोठे आणि किंमतही मोठी, पण आपले जुने ग्लिसरीन त्याच्या तोडीस तोड काम करते. दोन, ते पाणी उडू न देणे. पेट्रोलियम जेली, पॅराफिन, डायमेथिकोन, शिया बटर हे झाकणासारखे बसतात. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, हातापायांची कातडी त्यामुळे कोरडी पडते. ओलसर कातडीवर लावलेले लोशन सगळ्यांत चांगले मुरते. म्हणून वुजूनंतर टॉवेलने हलके टिपून लगेच लावा. टाचांना भेगा असतील तर युरिया असलेले मलम घ्या.

डाग आणि वांगासाठी नियासिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. ते तयार झालेला रंग वरच्या पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. दोन ते पाच टक्के पुरेसे असते, दहा टक्क्यांच्या मागे धावू नका, काहींना आग होते. क जीवनसत्त्व, कोजिक ॲसिड, अर्बुटिन आणि ॲझेलिक ॲसिड रंग बनण्याची क्रिया मंद करतात. क जीवनसत्त्वाचे सीरम तपकिरी झाले की त्याचा जोर गेला असे समजा. हे सर्व डाग फिके करतात. तुमचा जन्माचा रंग यांतले कोणीही बदलत नाही, आणि बदलतो म्हणणाऱ्याची डबी पुन्हा उलटी करून पाहा.

मुरमांसाठी सॅलिसिलिक ॲसिड दोन टक्क्यांपर्यंत. ते तेलात विरघळते म्हणून बुजलेल्या छिद्रात उतरते. बेंझॉइल पेरॉक्साइड मुरमांच्या जंतूंवर चालते, पण रंगीत ओढणी आणि उशीच्या खोळीवर पांढरे डाग पाडते. रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन कातडीला नवी व्हायला लावतात. ते रात्री थोडेच लावावे. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मुळीच नाही.

आणि सनस्क्रीन. हे नसेल तर वरचे सगळे वाया. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही त्यातली साधी, संवेदनशील त्वचेलाही चालणारी नावे. एसपीएफ १५ जाळणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये फरक एका टक्क्याचा, किमतीत मात्र बराच. ३० घ्या, पण पुरेसे लावा: चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे. 'पीए' पुढे तीन अधिक चिन्हे असावीत. सकाळी लावलेले जोहरच्या वुजूत धुतले जाते, म्हणून बाहेर जाणार असाल तर नंतर पुन्हा लावा. बुरखा-हिजाब घातला तरी चेहरा उघडा असेल तर ऊन लागतेच.

घरगुती उपायांविषयी एकच शब्द. लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात गेले तर भाजल्यासारखे डाग पडतात. लिंबू सरबतात घाला. मुलतानी माती तेलकट त्वचेला बरी, कोरडीला नाही. बेसन-हळदीच्या उटण्याने कुणाचे नुकसान नाही, पण चोळण्याचा जोर कमी ठेवा.

हलालचा प्रश्न

बऱ्याच भगिनी विचारतात, यादीत 'अल्कोहोल' दिसले तर? सिटाइल, स्टिअरिल आणि सिटोस्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. आज ते बहुतेक पाम किंवा खोबरेल तेलापासून होतात. नावात अल्कोहोल असले तरी त्यांचा दारूशी संबंध नाही. 'अल्कोहोल डिनॅट' म्हणजे मात्र स्पिरिट, आणि ते कातडी कोरडीही करते. साबणावर 'सोडियम टॅलोएट' असेल तर त्यात प्राण्याची चरबी आहे. 'सोडियम पामेट' पामचे, 'सोडियम कोकोएट' खोबऱ्याचे. लिपस्टिकवर 'सीआय ७५४७०' किंवा कारमाइन असेल तर तो लाल रंग एका किड्यापासून केलेला असतो. कोलॅजन मासळी, गाय किंवा डुकरापासून येऊ शकते आणि ग्लिसरीन प्राण्यापासूनही, वनस्पतीपासूनही. बऱ्याच वेष्टनांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका असतो, त्यावरून अंदाज येतो. काय जायज, काय नाही, ते आपल्या आलिमांना विचारा. माझे काम एवढेच की विचारायला जाताना घटकाचे नाव तुमच्या हातात असावे.

आधीच लावत असाल तर

घाबरू नका आणि लपवू नका. स्टेरॉइडची क्रीम बरेच महिने लावली असेल तर एकदम सोडताना त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र आजच थांबवा, हात धुवा, डबी पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना दाखवा. पायांवर, डोळ्यांखाली सूज किंवा लघवीला फेस येत असेल तर लघवीची तपासणी लांबवू नका. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर मुंबईच्या केईएम, नायर, कूपर रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी आहे. लोकलने गेलात तर अर्धा दिवस जाईल, एवढेच. आणि अशा डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. एका बाईने केलेली तक्रार दहा मुलींचे चेहरे वाचवू शकते.

शेवटची गोष्ट त्या आपांची. सगळे ऐकून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "टीचर, तुम्हाला काय सांगू? दोन ठिकाणांहून तिच्या मोठ्या बहिणीला पाहून गेले. निरोप आला की मुलगी सावळी आहे. मला वाटले, धाकटीला तरी हे ऐकावे लागू नये." माझ्याकडे त्यावर पटकन उत्तर नव्हते. बाजारात १९७५ पासून असलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला. डबीवरचा शब्द गेला, पण मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या नजरेतला गेला नाही. आणि मुलगी पाहायला कोण जाते? आपणच जातो, भगिनींनो. मुलाची अम्मी, खाला, फुफी. काबाच्या छतावरून पहिली अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि संध्याकाळी सून शोधताना 'रंग कसा आहे?' असे विचारतो. निदान माझ्या घरात हा प्रश्न विचारला जाणार नाही, एवढे मी ठरवले आहे.

ती मुलगी आता बरी होत आहे. लाली अर्धी उतरली, मास्क निघाला. तिला लागते काय, तर सौम्य साबण, सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले सनस्क्रीन. मागच्या आठवड्यात तिने वर्गात धडा वाचला, शेवटच्या बाकावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, सुरम्याविषयी: डोळ्यांत घालण्याआधी त्यात शिसे आहे का, हे कसे पाहावे. तोवर घरातल्या सगळ्या डब्या एका संध्याकाळी टेबलावर काढा आणि मुलींना बरोबर घेऊन एकेक उलटी करून वाचा. जिची मागची बाजू कोरी असेल, ती डबी पुन्हा कपाटात ठेवू नका.

अल्लाह हाफिज.